छायाचित्राखालचा शब्द

छायाचित्र खोटे बोलत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. खरे तर छायाचित्र बोलतच नाही. बोलतो तो त्याच्याखाली लिहिलेला शब्द. हजारो चित्रांच्या संग्रहात एखादे चित्र हाती लागते ते या शब्दाच्या आधाराने. शब्द नसेल तर चित्र सापडत नाही, आणि जे सापडत नाही ते इतिहासलेखकाच्या लेखी घडलेलेच नसते. म्हणून चित्राला कोणता शब्द जोडायचा आणि तो कोणी जोडायचा, हा प्रश्न कारकुनी नाही. तो सत्तेचा प्रश्न आहे.

आज हा प्रश्न आपल्या दाराशी आला आहे. चळवळीतल्या घरांच्या ट्रंकांमधून पडून राहिलेले फोटो आता स्कॅन होऊन संगणकात जात आहेत. तिथे प्रत्येक चित्राला ‘कीवर्ड’ म्हणजे विषयशब्द द्यावा लागतो. हे काम पोरांनी फावल्या वेळात उरकायचे, असा आपला समज आहे. हा समज किती महाग पडतो, हे इतिहासात डोकावले की कळते.

भारतातील माणसांच्या छायाचित्रांना पद्धतशीर शब्द जोडण्याचा पहिला मोठा सरकारी उद्योग १८५७ च्या उठावानंतर झाला. गव्हर्नर जनरल कॅनिंगच्या हौसेतून सुरू झालेला हा चित्रसंग्रह पुढे राज्यकारभाराचे साधन बनला. १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने त्याचे आठ खंड निघाले. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे त्याचे संपादक. त्यात चारशे अडुसष्ट छायाचित्रे आहेत. बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही. आहे ती जात, जमात, धर्म आणि गाव किंवा प्रांत. सोबतच्या मजकुरात ही जात कशी, तिचा स्वभाव काय, ती भरवशाची की उपद्रवी, याचे निवाडे. एका माणसाचा चेहरा दाखवायचा आणि त्यावरून सगळ्या जातीवर शिक्का मारायचा, अशी ही रीत. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि तोच शिक्का पोलिसांच्या नोंदवहीत गेला. जन्मालाच गुन्हा ठरवणारी ती नोंद १९५२ पर्यंत पुसली गेली नाही. जातीचा शब्द माणसाला शोधायला वापरता येतो तसा माणसाचा पाठलाग करायलाही वापरता येतो, हे इथे प्रथम ध्यानात घ्यावे.

या ग्रंथाची एक हकिगत फार बोलकी आहे. १८६९ साली सर सय्यद अहमद खान लंडनमध्ये असताना त्यांच्या व त्यांच्या मुलांच्या पाहण्यात हे खंड आले. चित्रांतले आपल्या देशाचे रूप पाहून ते दुखावले. तिथे एका इंग्रज तरुणाने त्यांच्या मुलाला विचारले, तुम्ही हिंदुस्थानी का? मुलगा लाजला, हो म्हणाला, पण लगेच पुस्ती जोडली की आम्ही इथले मूळ रहिवासी नव्हे, आमचे पूर्वज बाहेरून आले. अपमान झाला हे खरे. पण त्यावरचे उत्तर काय? ‘हा शब्दच खोटा आहे’ असे नव्हे, तर ‘हा शब्द आमच्यासाठी नाही, खालच्यांसाठी आहे’! प्रस्थापितांनी शिक्का नाकारला नाही. तो खाली ढकलला. ज्याच्या खाली कोणीच उरले नव्हते, त्याला तो कपाळावर घेऊन जगावे लागले.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे मात्र नाही. अमेरिकेत मंदीच्या काळात सरकारी खात्याने शेतमजुरांच्या हलाखीची छायाचित्रे काढवली. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईने एका आईचे चित्र टिपले. बिगारी, वाटाणा तोडणारी, सात मुलांची आई, वय बत्तीस, अशी तिची ओळख नोंदवली गेली. ‘मायग्रंट मदर’ म्हणून ते चित्र जगभर गाजले. त्या बाईचे नाव मात्र कोणी विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव जगाला कळले १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. ती चेरोकी या मूळनिवासी समाजाची होती, हेही तेव्हाच उघड झाले. आपल्याकडे नाव गाळून जात लिहिली. तिकडे नावही गाळले आणि समाजही. चित्रात चेहरा मध्यभागी असूनही माणूस संग्रहात नसतो, तो असा.

या खात्याच्या संग्रहात सुमारे पावणेदोन लाख काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह जमल्या. एवढ्या पसाऱ्यातून चित्र काढायचे कसे? १९४२ पासून पॉल व्हँडरबिल्ट या माणसाने छापील प्रती आधी प्रदेशानुसार आणि मग विषयानुसार लावल्या. जमीन, घरे, माणसे, काम अशी विषयांची उतरंड केली. आजच्या संगणकातली कीवर्डची उतरंड याच जातीची आहे: वर मोठा शब्द, त्याच्या पोटात लहान शब्द. सोय मोठी आहे. पण कोणता शब्द कोणाच्या पोटात घालायचा, हे ठरवताच आपण समाजाचा नकाशा काढलेला असतो.

हा नकाशा बदलता येतो, हेही इतिहासच सांगतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षके जगभरचे ग्रंथपाल डोळे मिटून वापरत होते. १९७१ साली सॅनफर्ड बर्मन या ग्रंथपालाने आख्खे पुस्तक लिहून दाखवून दिले की ही शीर्षके गोऱ्या, ख्रिस्ती, पुरुषी नजरेची आहेत. पुढे २०१४ मध्ये डार्टमथ कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी कागदपत्र नसलेल्या स्थलांतरितांना ‘बेकायदा परके’ म्हणणाऱ्या शीर्षकाविरुद्ध आवाज उठवला. २०१६ साली ग्रंथालयाने ते बदलायचे ठरवले, तर राजकारण्यांनी आडकाठी घातली. अखेर २०२१ मध्ये ते शीर्षक गेले. ग्रंथालयाच्या यादीतील एका शब्दासाठी सात वर्षे! शब्द किरकोळ असता तर इतका विरोध झाला असता का?

आता आपल्या घरात येऊ. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर गेलेली माणसे कोण? त्या काळच्या आपल्याच पत्राचे नाव ‘बहिष्कृत भारत’. सरकारदरबारी ‘डिप्रेस्ड क्लासेस’, सवर्णांच्या तोंडी ‘अस्पृश्य’. १९३५ च्या कायद्याने ‘अनुसूचित जाती’ हा शब्द आणला. गांधीजींनी ‘हरिजन’ म्हटले; तो शब्द कायद्यात घालण्याविरुद्ध १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेब व त्यांचे सहकारी उभे राहिले आणि सभात्याग करून बाहेर पडले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसे बौद्ध झाली. १९७२ मध्ये पँथरने ‘दलित’ हा शब्द रस्त्यावर आणून त्याला धार दिली. माणसे तीच, त्यांच्या पिढ्या त्याच, शब्द सहा-सात. विद्यार्थ्याने संगणकात ‘दलित’ एवढेच टाकले तर महाडचे चित्र सापडणार नाही, आणि ‘अस्पृश्य’ टाकले तर दीक्षाभूमीचे सापडू नये हेच योग्य.

यावर संगणकाचा तोडगा असा, की एक मुख्य शब्द ठेवा आणि बाकीचे त्याचे समानार्थी म्हणून नोंदवा. पण हे शब्द समानार्थी आहेत का? ‘बौद्ध’ आणि ‘दलित’ यांना समानार्थी ठरवणे म्हणजे धर्मांतर झालेच नाही असे म्हणणे. मातंग, चर्मकार, भटके यांना एका शब्दाखाली दडपणे हाही अन्यायच. म्हणून यातल्या प्रत्येक शब्दाला स्वतंत्र जागा द्यावी आणि त्यांच्यात ‘हेही पहा’ असे नाते जोडावे. चित्रावर मुळात लिहिलेला जुना शब्द खोडू नये. तो पुरावा आहे. पण तो मूळ मथळा म्हणून, सालासह, वेगळ्या रकान्यात राहावा. विषयशब्द मात्र आपला असावा. आणखी एक गोष्ट तांत्रिक वाटेल, पण महत्त्वाची आहे. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र बाहेर पाठवताना समानार्थी शब्दही त्यासोबत जाऊ शकतात. शोधाच्या सोयीसाठी आपण ‘हरिजन’ हा शब्द आत ठेवला, तर तोच नाकारलेला शब्द आपल्याच हाताने जगभर जाईल. ही खूण बंद आहे ना, हे पाहून घ्यावे.

यंत्रावर सगळे सोपवावे असे म्हणणाऱ्यांनी २०१५ साल आठवावे. त्या वर्षी गूगल फोटोजने कृष्णवर्णीय तरुण-तरुणीच्या चित्राला आपणहून ‘गोरिला’ हा शब्द चिकटवला. कंपनीने माफी मागितली. यंत्र शिकते ते माणसांनी पुरवलेल्या चित्रांतून आणि शब्दांतून. आपण आपले शब्द दिले नाहीत तर ते दुसऱ्यांचे घेते. आजचे यंत्र बाबासाहेबांचा चेहरा ओळखील. पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या नऊवारीतल्या बाईचा चेहरा कोण ओळखणार? १९४२ साली नागपुरात अस्पृश्य महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या. अशा स्त्रियांची नावे मिळवण्यासाठी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना गावोगाव जाऊन माणसे गाठावी लागली, तेव्हा १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झाले. ते काम यंत्राने केले नव्हते.

तेव्हा करायचे काय? चित्र घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे जावे. ही कोण, हा कोण, साल कोणते, तळे कुठले, हे विचारावे. कोणी सांगितले आणि केव्हा, तेही लिहावे. कळले नाही तर ‘ओळख पटायची आहे’ असे लिहावे. पेहरावावरून जात ठरवू नये, ते काम पूर्वी साहेबांनी पुष्कळ केले आहे. अत्याचारग्रस्तांच्या चित्राला नाव, गाव जोडण्याआधी त्यांना विचारावे. आणि लिहिलेला शब्द प्रत्यक्ष फाइलच्या पोटात जतन करावा. कीवर्ड पुष्कळदा सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीतच राहतात. गूगलने २०१६ साली पिकासा बंद केले, अॅपलने त्याआधीच अॅपर्चर. दुकान बंद झाले की वहीही जाते.

ज्यांना ती माणसे तोंडओळखीने ठाऊक होती, ती पिढी दर वर्षी थोडी थोडी निघून चालली आहे. चित्रे राहतील, स्वच्छ राहतील, पण मुकी राहतील. मग उद्या कोणीतरी परका येईल आणि त्यांच्याखाली आपला शब्द लिहील. तो १८६८ मध्ये लिहिला गेला तसाच असेल. तो येण्याआधी आपण लिहिले पाहिजे.