गेटवरचा माणूस

मागच्या जूनमध्ये कंपनीने मला इंटरव्ह्यू पॅनेलवर घेतलं. मी कोड लिहिणारा माणूस. माणसं कशी निवडायची हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून आधी दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. उमेदवार बाहेर पडला की लगेच गुण भरा, संध्याकाळपर्यंत थांबू नका. आणि ‘हा आपल्यातला वाटतो’ असं मनात आलं तर सावध व्हा. ट्रेनिंग होतं लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या काचेच्या इमारतीत. घरी आल्यावर आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, “माणसं घ्यायचं पण शिकवतात काय आता? आमच्याकडे जॉबर होता.”

आजोबा संगमेश्वर तालुक्यातले. पन्नासच्या दशकात लालबागला आले, गाववाल्यांच्या खोलीत राहिले आणि बदली कामगार म्हणून त्रासन खात्यात लागले. जॉबर हा शब्द लहानपणापासून कानावर होता, पण तो नेमका कोण हे मी पहिल्यांदाच शोधायला बसलो.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली, ती १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा भोंग्यांवर जगायला लागले. गिरण्यांचे मालक बहुतेक पारशी, गुजराती. यंत्रं सांभाळायला लँकशायरहून आणलेले साहेब. कामगार रत्नागिरी, साताऱ्याचे. यांच्यात एकमेकांची भाषा जाणणारा कोणीतरी हवा होता. शिवाय सुताला मागणी कधी असायची, कधी नसायची. रोज कोणी ना कोणी गैरहजर. पहाटे भोंगा झाला की किती हात कमी आहेत ते मोजायचं आणि गेटबाहेरच्या गर्दीतून तेवढे आत घ्यायचे. हे काम जॉबरचं. बायकांच्या खात्यात तेच काम नायकीण करायची.

म्हणजे भरती त्याची, काम शिकवणं त्याचं, देखरेख त्याची आणि काढून टाकणंही त्याचंच. एचआर, ट्रेनर, टीम लीड, सगळं एका माणसात. या बदल्यात तो दस्तुरी घ्यायचा. काही जॉबर व्याजाने पैसे द्यायचे, काही खोली मिळवून द्यायचे. आजोबांनी पहिल्या पगारातले पैसे दिले होते आणि पुढची दोन वर्षं आंब्याची पेटी.

इथवर तो सरळ खलनायक वाटतो. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावावर जे लिहिलंय, ते वाचल्यावर चित्र जरा बदलतं. जॉबरची सत्ता वरून आलेली होती, तशी ती खालच्या लोकांवरही अवलंबून होती. साचे रिकामे राहिले तर साहेब त्याला विचारणार. त्याची माणसं दुसऱ्याकडे गेली तर त्याला कोण विचारणार? म्हणून त्याला वस्तीत राहावं लागे, अडीनडीला धावावं लागे, कधी संपात उतरावं लागे. कोण टिकेल, कोण हंगामाला गावी पळेल, कोणाचा हात हलका आहे, हे त्याला ठाऊक असायचं. माझ्या स्कोअरकार्डवर असले रकाने नाहीत.

पण त्याला ठाऊक असायचं ते फक्त त्याच्या ओळखीतल्या माणसांबद्दल. गोची इथेच आहे. विणाई खात्यात मजुरी चांगली होती आणि तिथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण असं सांगत की धोट्यातून सूत तोंडाने ओढावं लागतं, आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसरा हातात घेणार नाही. त्यामुळे दलित कामगार त्रासनासारख्या कमी मजुरीच्या खात्यांत अडकून राहिले. १९२८ चा मोठा संप सहा महिने चालला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विणाई खातं सगळ्यांना खुलं करण्याची मागणी संपवाल्या पुढाऱ्यांसमोर ठेवली. ओळखीतून भरती म्हणजे काय, हे मला ट्रेनिंगच्या स्लाइडपेक्षा या धोट्यावरून जास्त कळलं.

१९२९ मध्ये सरकारने व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं. १९३१ च्या अहवालात त्यांनी सुचवलं की भरती जॉबरकडून काढून घ्या आणि लेबर ऑफिसर नावाचा वेगळा माणूस नेमा. त्याने फक्त जनरल मॅनेजरच्या हाताखाली असावं. तो सचोटीचा हवा, माणसं ओळखणारा हवा, त्याला कामगारांच्या भाषा यायला हव्यात. लिंक्डइनवर आजही ही जाहिरात खपून जाईल. १९३५ मध्ये गिरणी मालक संघाने बदली कार्डांची योजना आणली. ठराविक बदली कामगारांना महिन्याच्या सुरुवातीला कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी हजर व्हायचं, रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या.

मग हे लेबर ऑफिसर आणायचे कुठून? त्यांना शिकवावं लागणार. १९३६ साली नागपाड्याला क्लिफर्ड मॅन्शर्ड या अमेरिकन मिशनऱ्याच्या संचालकपदाखाली समाजकार्याचं पदव्युत्तर विद्यालय सुरू झालं. तेच पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि कामगार कल्याणाचं शिक्षण घेतलेली माणसं तिथून बाहेर पडू लागली. १९४७ मध्ये परळला बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट निघालं. आज त्याला नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर नेमणं सक्तीचं केलं. मी जिथे ‘नवं कौशल्य’ शिकलो, त्याच परिसरात हे सगळं माझ्या जन्माच्या कितीतरी आधी शिकवून झालं होतं.

जॉबर मात्र एवढ्याने गेला नाही. आजोबांकडे कार्ड होतं. “कार्ड हापिसातून मिळायचं,” ते म्हणाले, “पण हापिसात नाव कोण सांगायचं?” ऑफिसर शिकलेला होता, त्याला नियम पाठ होते, पण त्रासनावर कोण नीट उभा राहील हे विचारायला त्याला जॉबरकडेच जावं लागायचं. माझ्या मते प्रशिक्षणाची खरी मर्यादा इथे होती. वही साहेबाच्या टेबलावर आली, पण वहीत लिहायची नावं खात्यातूनच येत राहिली. मग १९८२ चा संप झाला आणि भरतीचा प्रश्नच उरला नाही.

आमच्याकडे याला रेफरल म्हणतात. फरक एवढाच की दस्तुरी नोकरी मिळणारा देत नाही, कंपनी देते, आणि ती पगारात रीतसर जमा होते. मी स्वतः कॉलेजातल्या सीनियरच्या रेफरलने लागलो. त्याला मी बिर्याणी खिलवली होती.

जुलैमध्ये गावाहून काकांचा फोन आला. “आपल्या पोराला तुझ्याकडे चिकटव की. तू आता माणसं घेतोस म्हणे.” ही बातमी आजोबांनी पोचवली होती. पोरगा रत्नागिरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेला, हुशार आहे. रेफरल नसता तर त्याचा बायोडेटा कोणी उघडलाही नसता, हेही मला माहीत होतं. मी फॉर्म भरला. ‘उमेदवाराला कसे ओळखता’ या रकान्यात ‘चुलत भाऊ’ लिहिलं आणि त्याच्या पॅनेलवरून माझं नाव काढायला सांगितलं.

तो दुसऱ्या फेरीत गेला. त्याची गुणपत्रिका मी पाहिलेली नाही. काकांनी त्यानंतर दोनदा आजोबांना फोन केला, मला नाही.