हिमांधत्व आणि रंगीत काच

वैशाखातल्या भर दुपारी जुन्या जालन्यातून कुंडलिकेच्या पलीकडे जाणाऱ्या माणसापुढे बर्फाची गोष्ट काढणे म्हणजे थट्टाच वाटेल. तथापि दिपवणारे ऊन आम्हांस परके नाही. गॉगल घेताना आम्ही काच डोळ्यांपुढे धरतो, ती पुरेशी काळी आहे ना एवढे पाहतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. जे डोळ्यांना दिपवते तेच इजा करते, अशी आमची समजूत असते. ही समजूत किती महाग पडू शकते याचा दाखला 1924 सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत आहे.

त्या मोहिमेचे नेतृत्व कर्नल एडवर्ड नॉर्टन यांच्याकडे आले होते. 4 जून रोजी ते प्राणवायूच्या नळकांड्यांवाचून 28,126 फुटांपर्यंत चढले. इतक्या उंचीवर कृत्रिम प्राणवायूवाचून त्यानंतर 1978 पर्यंत कोणी पोहोचल्याची नोंद नाही. चढाईचा बराच भाग उघड्या, काळसर खडकाचा होता. चष्म्यातून पाऊल ठेवायची जागा नीट दिसेना, आणि खडक तर दिपवीत नव्हता. म्हणून त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्याच रात्री तंबूत त्यांची दृष्टी गेली. 6 जूनला मॅलरी आणि अर्विन शेवटच्या चढाईला निघाले, तेव्हा त्यांना निरोप देणाऱ्या नॉर्टनना त्यांचे चेहरेही दिसले नाहीत.

यालाच हिमांधत्व म्हणतात. सूर्याचे अतिनील किरण डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून ते दिपवीतही नाहीत. पण बुबुळावरचा पारदर्शक पडदा ते भाजून काढतात. दुखणे सुरू होते ते सहा ते बारा तासांनी, म्हणजे सावध व्हायची वेळ टळून गेल्यावर. दर हजार मीटर उंचीमागे हे किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजे बर्फ त्यांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकते. पायांखाली काळा खडक असला तरी भोवतालचे बर्फ आणि वरचे आकाश काही थांबत नाही. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांनी हाडात किंवा लाकडात बारीक फट कोरून चष्मे केले. काच नसूनही ते चांगले काम देत, कारण डोळ्यांत जाणारा सगळाच प्रकाश ते तोडीत.

काचेचे शास्त्र पुढे आणले ते विल्यम क्रुक्स यांनी. भट्टीपुढे काम करणाऱ्या काच-कारागिरांना मोतीबिंदू होई, म्हणून त्यांनी शेकडो मिश्रणे करून पाहिली आणि 1913 मध्ये अतिनील किरण अडवणाऱ्या काचा पुढे मांडल्या. तेव्हा किरण अडवणे हा एक गुण आणि रंग हा दुसरा. अतिनील न अडवणारी काळी काच तर अधिकच वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरणांना दार उघडे मिळते.

किरण अडले की मग रंग पाहायचा, तो नीट दिसावे म्हणून. लख्ख उन्हातल्या बर्फावर गडद तपकिरी किंवा करडी काच बरी. सर्वांत गडद वर्गातली काच तीन ते आठ टक्केच प्रकाश आत सोडते. ती घालून मोटार चालवू नये. ढगाळ दिवशी मात्र बर्फावरच्या सावल्या पुसून जातात, खड्डा आणि उंचवटा एकच भासतो. तेथे पिवळी किंवा नारिंगी काच निळा प्रकाश कमी करून चढउतार उठावाने दाखवते. औलीला किंवा गुलमर्गला स्कीइंगला जाणारी आमची मुले दोन काचा बरोबर नेतात ती हौस नव्हे. संध्याकाळी साधी पांढरी काच पुरे.

1924 ची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. 1 मे 1999 रोजी मॅलरी यांचा देह सापडला, आणि चष्मा त्यांच्या खिशात होता. सूर्य मावळल्यावर उतरताना ते पडले असावेत, असा तर्क त्यावरून अनेकांनी केला. तर्क पटण्याजोगा आहे. नॉर्टनची अवस्था दोनच दिवस आधी पाहिलेला माणूस भर उन्हात चष्मा काढील हे संभवत नाही. परंतु तोच माणूस जादा चष्मा खिशात बाळगील हे तितकेच संभवते. खिशातला चष्मा एकुलता एक होता, हे कोणी सिद्ध करीपर्यंत आम्ही तरी त्यावरून मृत्यूची घटका ठरवणार नाही.