स्वनिर्मित ऑडिओ केबल

स्वनिर्मित ऑडिओ केबल म्हणजे हाय-फाय संगीतप्रणालीतील उपकरणे एकमेकांना जोडण्यासाठी सुटी तार व सुटे कनेक्टर वापरून हौशी व्यक्तीने स्वतः तयार केलेली केबल होय. खर्च कमी येणे, हवी तेवढीच लांबी मिळणे आणि बिघाड झाल्यास स्वतः दुरुस्ती करता येणे ही अशा केबली बांधण्याची प्रमुख कारणे आहेत. केबलच्या कामगिरीवर परिणाम करणारे गुणधर्म, म्हणजे रोध, धारिता, प्रवर्तकता, कवच आणि जोडाची गुणवत्ता, हे मोजता येतात व साध्या साहित्यातूनही साधता येतात. त्यापलीकडे महागडे धातू किंवा विशिष्ट विणी यांमुळे आवाज सुधारतो का, हा दीर्घकाळ चाललेल्या वादाचा विषय आहे.

इतिहास

ऑडिओ केबलींची अनेक मूळ तत्त्वे दूरध्वनी तंत्रातून आली. ६.३५ मिमी व्यासाचा जॅक एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचबोर्डांसाठी तयार झाला. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये पीळ दिलेल्या तारांच्या जोडीचे पेटंट घेतले. अशा पिळामुळे शेजारच्या तारांचा हस्तक्षेप कमी होतो. घरगुती उपकरणांवर आजही आढळणारा आरसीए कनेक्टर रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने १९३० च्या दशकात प्रचारात आणला.

स्पीकर जोडण्यासाठी अनेक वर्षे दिव्याची साधी दुपदरी वायरच वापरली जात असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नोएल ली यांनी ‘मॉन्स्टर केबल’ या नावाने जाड स्पीकर केबल विकण्यास सुरुवात केली. त्यानंतर केबल हे स्वतंत्र व महाग उत्पादन म्हणून रूढ होत गेले.

स्पीकर केबल

स्पीकर केबलमध्ये रोध हा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म आहे. तो तारेच्या लांबीच्या सम प्रमाणात आणि छेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. विद्युतप्रवाह जाऊन परत येत असल्याने ५ मीटर केबलसाठी १० मीटर तारेचा रोध धरावा लागतो. लवचिक, बहुतारी तांब्याच्या ५ मीटर केबलचा एकूण रोध पुढीलप्रमाणे असतो :

• ०.७५ चौ. मिमी – सुमारे ०.२६ ओहम
• १.५ चौ. मिमी – सुमारे ०.१३ ओहम
• २.५ चौ. मिमी – सुमारे ०.०८ ओहम
• ४ चौ. मिमी – सुमारे ०.०५ ओहम

मॅकिन्टॉश लॅबोरेटरी या अमेरिकन कंपनीत स्पीकर-अभियंता असलेले रॉजर रसेल यांनी केबलचा एकूण रोध स्पीकरच्या संरोधाच्या, म्हणजेच इम्पिडन्सच्या, ५ टक्क्यांपेक्षा कमी असावा असा निकष मांडला. त्यानुसार ८ ओहमच्या स्पीकरसाठी ०.४ ओहम आणि ४ ओहमच्या स्पीकरसाठी ०.२ ओहम ही मर्यादा ठरते. म्हणजे ५ मीटर अंतरावर ८ ओहमच्या स्पीकरला ०.७५ चौ. मिमीची तार चालते. ४ ओहमच्या स्पीकरला मात्र ती अपुरी पडते.

रोधामुळे केवळ आवाजाची पातळी कमी होत नाही. स्पीकरचा संरोध वारंवारतेनुसार बदलत असल्याने जादा रोधामुळे काही स्वर इतरांपेक्षा अधिक दबतात. डॅम्पिंग फॅक्टरवरही त्याचा परिणाम होतो. ८ ओहमला २०० डॅम्पिंग फॅक्टर असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध ०.०४ ओहम असतो, त्याला ०.०८ ओहमची केबल जोडल्यास परिणामी डॅम्पिंग फॅक्टर सुमारे ६७ होतो.

समांतर दुपदरी केबलची प्रवर्तकता दर मीटरला साधारणतः अर्धा ते पाऊण मायक्रोहेन्री असते. दोन्ही तारा जवळ ठेवून त्यांना पीळ दिल्यास ती कमी होते. संगणक जाळ्याच्या कॅट-५ केबलमधील तारा वेणीसारख्या गुंफून केलेली स्पीकर केबल हौशी मंडळींत याच कारणासाठी लोकप्रिय आहे. अशी प्रत्येक तार सुमारे ०.२ चौ. मिमीची असल्याने प्रत्येक बाजूस १२ तारा एकत्र केल्या की सुमारे २.५ चौ. मिमीचा छेद मिळतो. मात्र या रचनेत धारिता बरीच वाढते आणि तिच्यामुळे काही अ‍ॅम्प्लिफायर अस्थिर होऊ शकतात.

इंटरकनेक्ट केबल

सीडी प्लेअर, टर्नटेबल, प्रीअ‍ॅम्प्लिफायर यांसारख्या उपकरणांना जोडणाऱ्या केबलीस इंटरकनेक्ट म्हणतात. तिच्यातून अत्यल्प प्रवाह वाहत असल्याने तारेची जाडी गौण ठरते. धारिता आणि कवच यांना महत्त्व येते. दर मीटरला १०० पिकोफॅराड धारितेची ५ मीटर केबल १ किलोओहम निर्गम संरोधाच्या उपकरणाला जोडल्यास उच्च वारंवारतांची घट सुमारे ३१८ किलोहर्ट्झपासून सुरू होते. मानवी श्रवणाची वरची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ असल्याने तिचा परिणाम ऐकू येत नाही. टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजबाबत स्थिती वेगळी असते. कार्ट्रिजची प्रवर्तकता आणि केबलची धारिता यांच्या अनुनादामुळे उच्च स्वरांचा तोल बदलतो, म्हणून येथे केबल आखूड व कमी धारितेची असणे आवश्यक असते.

दाट विणलेल्या तांब्याच्या जाळीचे कवच विद्युत क्षेत्राचा हस्तक्षेप रोखते. व्यावसायिक ध्वनियंत्रणेतील तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमध्ये संतुलित पद्धत वापरतात; पहिली पिन कवचाला, दुसरी धन संकेताला व तिसरी ऋण संकेताला जोडली जाते. दोन्ही तारांवर सारख्याच प्रमाणात आलेला गोंगाट ग्राहक उपकरणात वजा होतो. डिजिटल कोॲक्सियल जोडणीसाठी ७५ ओहम संरोधाची केबल लागते. दूरचित्रवाणीची आरजी-५९ किंवा आरजी-६ केबल या कामी उपयोगी पडते.

साहित्य व बांधणी

सोल्डरिंग गन किंवा बिट, राळयुक्त सोल्डर, वायर स्ट्रिपर, हीट-श्रिंक नळी आणि मल्टिमीटर एवढी साधने पुरेशी असतात. मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील बुधवार पेठेतील तपकीर गल्ली येथील दुकानांत बहुतेक साहित्य मिळते.

तार निवडताना ती शुद्ध तांब्याची असल्याची खात्री करणे महत्त्वाचे ठरते. स्वस्त स्पीकर केबल पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनिअमची असते. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. अशी तार वजनाला हलकी असते व खरवडल्यावर आतून पांढरी दिसते. दूरचित्रवाणीच्या अनेक आरजी-६ केबलींत मध्यतार तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आणि जाळी अ‍ॅल्युमिनिअमची असते. या जाळीवर नेहमीचे सोल्डर धरत नाही, त्यामुळे तांब्याची मध्यतार व तांब्याची जाळी असलेली केबल घ्यावी लागते.

आरसीए केबल बांधताना कनेक्टरचे बाह्य आवरण व हीट-श्रिंक नळी प्रथम केबलवर सरकवून ठेवतात, कारण टाका लावल्यानंतर ती घालता येत नाहीत. मध्यतार मधल्या पिनेला आणि पीळ देऊन एकत्र केलेली जाळी बाहेरच्या कड्याला जोडतात. ६३ टक्के कथिल व ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. सोल्डर बिटवर न वितळवता तापलेल्या जोडावर वितळवल्यास टाका पक्का बसतो; शिसेयुक्त सोल्डरचा चांगला टाका चकचकीत, तर कच्चा टाका बहुधा निस्तेज व गोळीसारखा दिसतो. शेवटी मल्टिमीटरने मध्यतार व जाळी या दोन्हींची सलगता आणि त्या एकमेकींना चिकटलेल्या नाहीत हे तपासतात.

स्पीकर केबलचे टोक स्क्रूखाली दाबायचे असल्यास त्यावर सोल्डर चढवत नाहीत. मऊ सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरून जोड सैल होतो. टोकाची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला लागल्यास अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर जळू शकतात.

सुधारणा व मतभेद

चांदीचा विशिष्ट रोध तांब्यापेक्षा केवळ ५ ते ६ टक्क्यांनी कमी आहे. तेवढाच लाभ तांब्याची तार किंचित जाड घेतल्यानेही होतो. सोने हे तांब्यापेक्षा कमी वाहक आहे. कनेक्टरवर त्याचा मुलामा दिला जातो तो गंज टाळण्यासाठी. केबलवरील दिशादर्शक बाणाला सर्वसाधारणपणे विद्युत अर्थ नसतो, कारण ध्वनिसंकेत प्रत्यावर्ती असतो. कवच एकाच टोकाला जोडलेले असल्यास ते टोक दाखवण्यापुरता तो उपयोगी ठरतो.

‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकात १९८३ मध्ये लॉरेन्स ग्रीनहिल यांनी स्पीकर केबलींच्या अंध चाचणीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अतिशय बारीक तारेमुळे पडणारा फरक चाचणी-संकेतावर श्रोत्यांना ओळखता आला. परंतु पुरेशी जाडी असलेली साधी वायर आणि महाग केबल यांतील फरक संगीत ऐकताना त्यांना खात्रीने सांगता आला नाही. २००७ मध्ये जेम्स रँडी यांनी अतिमहाग केबल आणि सामान्य केबल यांतील फरक ऐकून ओळखणाऱ्यास १० लाख डॉलर देऊ केले. ती चाचणी प्रत्यक्षात झाली नाही. महाग केबलींच्या समर्थकांच्या मते अल्पकाळाच्या चाचण्यांत सूक्ष्म फरक निसटतात. टीकाकारांच्या मते अपेक्षा आणि आवाजाच्या पातळीतील नकळत राहिलेली तफावत यांतून असे फरक भासतात.

निश्चितपणे लाभ देणाऱ्या सुधारणा साध्या आहेत : गंजलेले कनेक्टर बदलणे, सैल जोड पक्के करणे, अंतराच्या मानाने बारीक असलेली तार बदलणे आणि अनावश्यक लांबी कमी करणे.

सुरक्षितता

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतो. उपकरणांच्या वीजपुरवठ्याची केबल घरी बांधताना झालेली चूक प्राणघातक ठरू शकते. त्यामुळे हे काम इंटरकनेक्ट किंवा स्पीकर केबलीइतके सोपे मानले जात नाही. दोन उपकरणांचे अर्थिंग वेगवेगळ्या मार्गांनी जोडले गेल्यास स्पीकरमधून घुमल्यासारखा आवाज येतो. तो घालवण्यासाठी प्लगमधील अर्थची तार तोडणे धोकादायक असते, कारण उपकरणाच्या धातूच्या पेटीत वीज उतरल्यास ती सुरक्षितपणे जमिनीत जाण्याचा मार्गच बंद होतो. सर्व उपकरणे एकाच सॉकेटवरून चालवणे किंवा संकेताच्या मार्गात ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवणे हे त्यावरील सुरक्षित उपाय आहेत. शिसेयुक्त सोल्डर वापरताना खोली हवेशीर ठेवणे आणि काम संपल्यावर हात धुणे आवश्यक असते.