द्वीपक-अमायलॉइड

टाइप २ मधुमेहात स्वादुपिंडातील लँगरहॅन्स द्वीपकांमध्ये साचणारा प्रथिनतंतूंचा थर. १९०१ मध्ये यूजीन ओपी यांनी मधुमेही रुग्णांच्या द्वीपकांतील काचेसारख्या एकजिनसी पदार्थाचे वर्णन केले. तो अमिलिनचा असतो हे कळायला १९८७ उजाडले. ३७ ॲमिनो अम्लांचे हे संप्रेरक बीटा पेशी इन्सुलिनसोबतच स्रवतात. काँगो रेडने रंगवलेला छेद ध्रुवित प्रकाशात पाहिला की हा थर हिरव्या सफरचंदासारखा चमकतो.

उपायाचा खरा धागा उंदराने दिला. त्याच्या अमिलिनमध्ये २५, २८ व २९ या स्थानी प्रोलिन असल्याने तंतू जुळतच नाहीत. माणसाला आणि मांजराला हे संरक्षण नाही. मानवी अमिलिनात हेच तीन बदल करून प्रॅमलिंटाइड घडवले गेले (अमेरिकेत मान्यता २००५). मात्र ते जेवणानंतरची साखर आवरते, साचलेला थर काढत नाही. पेशींना मारक ठरतात ते बहुधा पक्क्या तंतूंपेक्षा त्यांच्या आधीचे लहान पुंजके. म्हणून जुळणीच रोखणारे रेणू शोधणे अधिक शहाणपणाचे. वजन उतरून बीटा पेशींवरचा भार हलका झाला, की अमिलिनचा स्रावही घटतो. द्वीपकांतला साचलेला थर काढणारे मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही.