पाळीव सापाला खाऊ घालताना…

कुत्रा किंवा मांजर भुकेले असेल, तर ते मालकाच्या पायांत घुटमळून तसे सांगते. साप काहीच सांगत नाही. तो आठवडेच्या आठवडे काही न खाता निश्चल पडून राहतो आणि पोट भरलेले असतानाही समोर आलेले भक्ष्य गिळू शकतो. त्यामुळे त्याला केव्हा, काय आणि किती द्यावे, हे ठरविण्याची सारी जबाबदारी पाळणाऱ्यावर येते. कुत्र्या-मांजराच्या अनुभवावरून हा निर्णय घेतला, की चुका होतात. त्यातील काही चुका सापाच्या, तर काही घरातील माणसांच्याही जिवावर बेतू शकतात.

अमेरिका व ब्रिटनमध्ये साप पाळण्याचा छंद गेल्या काही दशकांत चांगलाच रुजला आहे. तेथील घरांमध्ये सर्वाधिक दिसणाऱ्या सापांमध्ये दोन बिनविषारी जाती प्रमुख आहेत. आग्नेय अमेरिकेतील 'कॉर्न स्नेक' ही त्यांतील एक आणि पश्चिम व मध्य आफ्रिकेतील 'बॉल पायथन' हा लहान आकाराचा अजगर ही दुसरी. दोन्ही जातींची सर्वसाधारण लांबी तीन ते पाच फूट असते आणि योग्य देखभाल झाल्यास ते वीस वर्षे सहज जगतात. सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयातील एका बॉल पायथन मादीने तर वयाच्या अंदाजे ६२ व्या वर्षी, २०२० मध्ये अंडी घातली होती.

भारतात काय चालते?

नाग, घोणस, धामण, अजगर हे आपल्याकडील साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. त्यांना पकडून घरात ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी जातींनाही आता मोकळे रान राहिलेले नाही. या कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय 'साइटिस' कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट असलेल्या प्राण्यांची नोंदणी तिच्यामुळे बंधनकारक झाली असून, त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये आले. बॉल पायथन या परिशिष्टांत मोडतो, कॉर्न स्नेक मोडत नाही. चोरट्या मार्गाने आलेला साप मात्र कोणत्याही जातीचा असला, तरी बेकायदाच ठरतो. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून खाऊच्या पाकिटांत दडविलेले या दोन्ही जातींचे साप महसूल गुप्तचर अधिकाऱ्यांनी जप्त केले होते.

दूध नव्हे, उंदीर

साप पूर्णतः मांसाहारी आहे. दूध हे त्याचे अन्न नाही आणि ते पचविण्याची त्याच्या शरीराची घडणही नाही. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतील नाग दूध पिताना दिसे, याचे कारण त्याला आधी कित्येक दिवस तहानलेला ठेवलेले असे. असे बळेच पाजलेले दूध अनेकदा फुप्फुसात जाऊन साप दगावतो. पाळीव सापालाही दूध, शिजविलेले मांस किंवा घरातील कोणतेही अन्न देऊ नये. त्याला हवे असते ते संपूर्ण भक्ष्य. हाडे, यकृत, आतडी यांसह उंदीर गिळला, की कॅल्शियमपासून जीवनसत्त्वांपर्यंत सर्व काही त्यातूनच मिळते. पेटीत स्वच्छ पाण्याचे भांडे मात्र नेहमी असावे.

अर्थात सर्वच साप उंदीर खात नाहीत. आफ्रिकेतील एक जात केवळ पक्ष्यांच्या अंड्यांवर जगते, तर नागराजाचे मुख्य खाद्य इतर साप हेच आहे. म्हणून साप आणण्यापूर्वी त्या जातीचा नैसर्गिक आहार जाणून घेणे अगत्याचे ठरते. कॉर्न स्नेक व बॉल पायथन मात्र उंदरांवरच वाढविले जातात.

किती आणि केव्हा?

भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत रुंद भागाएवढी किंवा त्याहून किंचित अधिक असावी, असा साधा नियम आहे. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला नुकतेच जन्मलेले, केस न आलेले उंदराचे पिल्लू पाच ते सात दिवसांतून एकदा पुरते. प्रौढाला पूर्ण वाढलेला एक लहान उंदीर दहा ते चौदा दिवसांतून एकदा द्यावा. बॉल पायथनच्या पिल्लाला आठवड्यातून एकदा, तर प्रौढाला दोन ते चार आठवड्यांतून एकदा योग्य आकाराचा मोठा उंदीर दिला जातो. वजनाने मोजावयाचे, तर बॉल पायथनच्या पिल्लाचे एक जेवण त्याच्या वजनाच्या सुमारे १० ते १५ टक्के आणि प्रौढाचे सुमारे ५ टक्के असावे.

हे प्रमाण पाहून नव्याने साप पाळणाऱ्याला कीव येते आणि तो दर आठवड्याला उंदीर देत राहतो. पेटीतील साप जंगलातल्यासारखा हिंडत नाही. अतिरिक्त अन्नाची चरबी होते, ती यकृतात साठते आणि आयुष्य घटते. पाळीव सापांना उपासमारीपेक्षा लठ्ठपणाचा धोका अधिक असतो, याचे कारण हेच.

जिवंत उंदीर का नको?

जिवंत उंदीर पेटीत सोडणे नैसर्गिक वाटते. प्रत्यक्षात ते सापासाठीच घातक आहे. जंगलात उंदराला पळण्यास वाट असते, पेटीत ती नसते. कोंडीत सापडलेला उंदीर सापाचे डोळे, तोंड व पाठ कुरतडतो. साप भुकेला नसेल, तर तो प्रतिकारही करीत नाही आणि रात्रभरात झालेल्या जखमा कधी कधी हाडापर्यंत पोहोचतात. शिवाय उंदरालाही हा मृत्यू विनाकारण क्रूर ठरतो. म्हणून पशुवैद्यक आधीच वेदनारहित पद्धतीने मारून गोठविलेला उंदीर देण्याचा सल्ला देतात. घरात किंवा गटारात पकडलेला उंदीर तर कधीच देऊ नये. त्याच्या पोटात परोपजीवी जंतू किंवा उंदीर मारण्याचे विष असू शकते.

गोठविलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात बंद डब्यात ठेवून वितळवावा. नंतर प्लॅस्टिकच्या घट्ट बंद पिशवीत घालून तो गरम, पण उकळत्या नव्हे, अशा पाण्यात ठेवावा. मायक्रोवेव्हचा वापर करू नये. त्यात उंदीर बाहेरून शिजतो आणि आतून गोठलेलाच राहतो. देण्यापूर्वी पोटाशी बोटाने दाबून आत बर्फ नसल्याची खात्री करावी. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या खाचा असतात. भक्ष्य जिवंत प्राण्याइतके उबदार असल्याखेरीज तो बहुधा त्याकडे वळत नाही. एकदा वितळलेला उंदीर पुन्हा गोठवू नये.

हाताने नव्हे, चिमट्याने

साप माणसावर रागावून चावतो असे नाही. उंदराचा वास लागलेला हात त्याला भक्ष्यच वाटतो. म्हणून उंदीर नेहमी लांब चिमट्यात धरून सापाच्या तोंडासमोर हलकेच हलवावा आणि साप हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. दोन साप एकत्र असतील, तर खाताना त्यांना वेगळे करावे. एकाच उंदराची दोन टोके दोघांनी धरली, तर एक साप दुसऱ्यालाही गिळू शकतो. मोठ्या अजगरांना खाऊ घालताना दुसरी प्रौढ व्यक्ती जवळ असलीच पाहिजे.

सापाला खाण्यासाठी वेगळ्या डब्यात हलविण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. या हलवाहलवीने साप बिथरतो, खाल्लेले उलटून टाकतो आणि परत उचलताना चावण्याची शक्यताही वाढते. त्यामुळे आता बहुतेक जाणकार पेटीतच खाऊ घालणे पसंत करतात.

सापाने हात पकडलाच, तर तो हिसडू नये. त्याचे दात आतल्या बाजूस वळलेले असतात, ओढल्यास जखम वाढते आणि सापाचे दात तुटतात. तोंडावर थंड पाणी सोडावे आणि विळखा शेपटीकडून उलगडावा. जखम साबणाने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांना विचारावे.

ऊब नसेल, तर पचन नाही

सापाचे शरीर स्वतःची उष्णता निर्माण करीत नाही. भक्ष्य गिळल्यानंतर त्याच्या चयापचयाचा वेग कित्येक पटींनी वाढतो, आतडी व यकृत आकाराने मोठी होतात. हे सारे बाहेरून ऊब मिळाली, तरच घडते. बॉल पायथनच्या पेटीचे उबदार टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस व थंड टोक २५ ते २७ अंश असावे. कॉर्न स्नेकला याहून थोडे कमी तापमान चालते. उष्णतेच्या साधनाला थर्मोस्टॅट जोडणे आवश्यक आहे, अन्यथा साप भाजू शकतो. ऊब कमी पडली, तर पोटातील उंदीर पचण्याऐवजी कुजू लागतो आणि साप तो बाहेर टाकतो.

खाल्ल्यानंतर किमान ४८ तास सापाला उचलू नये. त्याने उलटून टाकल्यास लगेच दुसरा उंदीर देणे ही गंभीर चूक होय. तापमान तपासावे, दहा ते चौदा दिवस थांबावे आणि नंतर नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्यावे. पुन्हा तसेच घडल्यास पशुवैद्यकाला गाठावे.

खातच नसेल तर?

नव्या घरात आलेला साप पहिला आठवडा खात नाही, हे स्वाभाविक आहे. कात टाकण्यापूर्वी डोळे निळसर धुरकट होतात, त्या काळातही भूक मंदावते. बॉल पायथन तर विणीच्या हंगामात महिनोन् महिने उपवास करतो. अशा वेळी जबरदस्तीने उंदीर तोंडात कोंबू नये. दर आठवड्याला सापाचे वजन करावे. प्रौढ सापाचे वजन स्थिर असेल, तर चिंता नको. ते दहा टक्क्यांहून अधिक घटले, श्वास घेताना घरघर ऐकू आली किंवा तोंडातून फेस येऊ लागला, तर वाट पाहू नये. जेवणाची तारीख, भक्ष्याचे वजन, सापाचे वजन व कात टाकल्याचा दिवस यांची वही ठेवल्यास वैद्याचे काम सोपे होते.

स्वयंपाकघर दूरच बरे

गोठविल्याने साल्मोनेलाचे जिवाणू मरत नाहीत. ब्रिटन व अमेरिकेत २००८ ते २०१० या काळात पसरलेल्या साल्मोनेला संसर्गाचा माग सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या गोठविलेल्या उंदरांपर्यंत पोहोचला होता. म्हणून हे उंदीर घरच्या अन्नासोबत ठेवू नयेत, स्वयंपाकाच्या ओट्यावर वितळवू नयेत आणि त्यासाठीची भांडी वेगळी ठेवावीत. सापाने न खाल्लेला उंदीर काही तासांतच उचलून टाकावा. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी साप व त्याच्या भक्ष्याला हात न लावणेच श्रेयस्कर.

साप पाळणे म्हणजे पुढची वीस वर्षे दर पंधरवड्याला एक मृत उंदीर हाताळणे. हे मान्य नसेल, त्याने सापाचा आहार बदलण्याचा विचार करू नये, साप आणण्याचाच विचार सोडावा.