पिटदा, टोपाझ आणि पुष्कराज: एका रत्ननामाचा प्रवास

(सरे येथे रविवारच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



काल शब्बाथच्या दिवशी आपण 'तेत्सावे' हा परशा ऐकला. कोहेन गादोलच्या ऊरपटाचे वर्णन त्यात आहे. शेमोतच्या 28व्या अध्यायातील 17व्या पासुकात पहिल्या रांगेची तीन रत्ने सांगितली आहेत: ओदेम, पिटदा आणि बारेकेत. यांपैकी 'पिटदा'साठी मराठी भाषांतरांत 'पुष्कराज' हा शब्द येतो. आज मी या एका शब्दाविषयीच बोलणार आहे, कारण त्याने आमच्या घरात दोन भावांमध्ये अबोला आणला होता.

माझी आजी कोकणातून मुंबईस आलेली. तिने वाटणीचा कागद स्वहस्ते लिहून ठेवला होता: पाटल्या धाकट्याला, पुष्कराजाची अंगठी थोरल्याला. थोरला मी. पुढे येथे सरेत एका सराफाकडून खडा तपासून घेतला, तेव्हा तो पिवळे क्वार्ट्झ निघाला. अंगठीची डबी अनेक वर्षे भावाकडे होती. 'खडा बदलला गेला असेल का?' एवढेच मी त्याला विचारले. त्या वर्षी पेसाहला आम्ही एकमेकांना फोन केला नाही.

आता शब्दाचा इतिहास पाहू. तोराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी 'पिटदा'साठी 'टोपाझिऑन' हा शब्द योजिला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी या रोमन ग्रंथकाराने लिहिले, की हे रत्न तांबड्या समुद्रातील टोपाझोस नावाच्या बेटावर सापडते आणि ते हिरवे असते. हे बेट म्हणजे आजचे इजिप्तचे झबरगद, आणि तेथील हिरवा खडा म्हणजे आपण ज्याला पेरिडॉट म्हणतो तो, असे अभ्यासक मानतात. आपली परंपराही याच दिशेला बोट दाखविते. ओन्केलोसच्या अरामी भाषांतरात पिटदाला 'यारकान' म्हटले आहे. बामिदबार रब्बा या मिद्राशात पिटदा हे शिमोनच्या वंशाचे रत्न आहे, आणि त्या वंशाचे निशाण 'यारोक', म्हणजे हिरवे, सांगितले आहे. मात्र प्राचीन हिब्रूत 'यारोक' हा शब्द हिरव्यापासून पिवळ्यापर्यंतच्या छटांना व्यापीत असे. काही विद्वानांनी तर 'पिटदा'चा संबंध संस्कृतातील 'पीत' या शब्दाशी जोडून पाहिला आहे. तो तर्क आहे, सिद्धान्त नव्हे.

पुढे शतकानुशतके 'टोपाझ' हे नाव पिवळ्या खड्यांकडे सरकत गेले. अठराव्या शतकात ते सॅक्सनीत सापडणाऱ्या एका विशिष्ट खनिजाला चिकटले, आणि आजचे शास्त्र त्यालाच टोपाझ म्हणते. त्याचे काठिण्य 8 आणि घनता सुमारे 3.5. परंतु बाजाराने शास्त्राची वाट पाहिली नाही. पिवळा नीलम, ज्याचे काठिण्य 9, तो 'ओरिएंटल टोपाझ' म्हणून विकला गेला. आणि पिवळे क्वार्ट्झ, ज्याचे काठिण्य 7 व घनता 2.65, ते 'कॉमन टोपाझ' म्हणून. जांभळा अ‍ॅमेथिस्ट तापवून पिवळा केलेला खडाही याच नावाखाली खपत असे.

आपल्याकडेही तेच घडले. 'पुष्कराज' हा संस्कृतातील 'पुष्पराग' किंवा 'पुष्यराग' या शब्दाचा वंशज. नवरत्नांत तो गुरूचा खडा. मोल्सवर्थच्या 1857 सालच्या मराठी-इंग्रजी कोशात त्याचा अर्थ 'टोपाझ' असा दिला आहे. आजचे सराफ मात्र पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम असे समजतात आणि पिवळ्या क्वार्ट्झला 'सुनेला' म्हणतात. म्हणजे एकाच नावाखाली तीन खनिजे नांदत आली. आजीच्या पिढीत सामान्य घरातील पिवळा खडा कौतुकाने पुष्कराजच म्हटला जाई. तपासणीचे यंत्र कोणाकडे होते?

नाव घर बदलते, म्हणून ते खोटे ठरत नाही. आपले पूर्वज सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत बांधविलेले शाआर हाराहामीम हे 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखले जाई, आणि मस्जिद रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरून पडले असे सांगतात. आज कोणी त्या शब्दावरून आपल्या पणजोबांचा धर्म ठरवू लागला तर आपण हसू. मग आजीच्या कागदावरील एका शब्दावरून मी भावाची सचोटी कशी ठरविली?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. आज खडा विकणाऱ्याने आजच्या अर्थानेच नाव सांगावे. क्वार्ट्झला टोपाझ म्हणून किंमत घेणे ही फसवणूक आहे, आणि वायिक्राच्या 25व्या अध्यायातील 14वा पासुक व्यवहारातील असा अन्याय निषिद्ध ठरवितो. परंतु जुना कागद वाचताना शब्दाचा त्या काळचा अर्थ घेतला पाहिजे. त्याच अध्यायाचा 17वा पासुक पुन्हा एकमेकांवर अन्याय करू नका असे बजावतो. आपले हाखाम त्याचा अर्थ शब्दांनी केलेला अन्याय असा लावतात, आणि बाबा मेत्सियात म्हटले आहे, की तो पैशाच्या अन्यायाहून अधिक गंभीर आहे. कारण पैसे परत करता येतात.

हे सारे वाचल्यावर मी भावाला फोन केला आणि क्षमा मागितली. तो इतकेच म्हणाला, "दादा, आजी कधी खोटं लिहायची का?" अंगठी आता माझ्या बोटात आहे. कोणी विचारले तर खडा क्वार्ट्झचा आहे असे मी स्पष्ट सांगतो. घरात मात्र आम्ही तिला पुष्कराजाची अंगठीच म्हणतो.