उपचारविराम, एचआयव्ही-निर्मूलन संशोधनातील

एचआयव्हीबाधित व्यक्तीचे विषाणुरोधक उपचार (एआरटी) संशोधनासाठी, वैद्यकीय देखरेखीखाली, ठरावीक अटींवर थांबवणे म्हणजे उपचारविराम. एआरटी चालू असताना रक्तातील विषाणू चाचणीत दिसेनासा होतो. त्यामुळे नवी लस, प्रतिपिंड किंवा औषध स्वबळावर विषाणूला आवरते का, हे गोळ्या बंद केल्याशिवाय कळत नाही. या विरामाकडे बाधित व्यक्ती, त्यांचे जोडीदार आणि डॉक्टर वेगवेगळ्या दृष्टीने पाहतात. संशोधनाची नैतिक चौकट ठरवताना या सगळ्यांचे म्हणणे विचारात घ्यावे लागते.

शास्त्रीय आधार : एचआयव्ही प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशींत सुप्तावस्थेत दडून राहतो आणि एआरटी या साठ्यापर्यंत पोहोचत नाही, हे १९९७ मध्ये तीन संशोधनगटांनी दाखवून दिले. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू परततो. तो किती उशिरा परतला, यावरून नव्या उपायाचा गुण जोखला जातो.

पूर्वेतिहास : ३३ देशांतील ५,४७२ जणांच्या ‘स्मार्ट’ चाचणीत एका गटाचे उपचार सीडी-४ पेशी ३५० च्या वर असताना थांबवले जात आणि त्या २५० च्या खाली आल्यावर पुन्हा सुरू होत. या गटात संधिसाधू आजार किंवा मृत्यूचा धोका अडीच पटींहून अधिक आढळल्याने जानेवारी २००६ मध्ये ही पद्धत बंद करण्यात आली. तेव्हापासून ‘गोळी चुकवू नका’ हा नियम अधिकच पक्का झाला. आजचे विराम बहुधा अल्पकाळाचे असतात आणि सीडी-४ बरोबरच विषाणूच्या परतण्यावर बारीक नजर ठेवली जाते. तरीही अनेक डॉक्टरांच्या मनातला संकोच त्या अनुभवातून आला आहे आणि तो रास्त आहे.

बर्लिनमध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेले टिमथी रे ब्राउन एआरटीविना विषाणुमुक्त राहिले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. दुसरीकडे, अमेरिकेतील मिसिसिपीत जन्मतःच उपचार मिळालेल्या बालकात २७ महिने उपचारांविना विषाणू दिसला नव्हता. तो परतल्याचे जुलै २०१४ मध्ये जाहीर झाले. आशा आणि सावधगिरी या दोन्ही घटनांतून आली.

बँकॉकचा अनुभव : थायलंडमध्ये संसर्गाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत, रक्तात प्रतिपिंडेही तयार झालेली नसताना, उपचार सुरू केलेल्या आठ जणांनी विरामाला संमती दिली. त्यांच्या रक्ताची तपासणी काही दिवसांच्या अंतराने होत होती. आठही जणांत विषाणू परतला. त्याचा मध्यक कालावधी २६ दिवस होता. हा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एआरटी पुन्हा सुरू केल्यावर सर्वांचा विषाणू आटोक्यात आला. थायलंडमधील अशा चाचण्यांत सामील झालेल्या आणि नकार दिलेल्या लोकांशी संशोधकांनी सविस्तर बातचीत केली. विज्ञानाला हातभार लागावा, आपल्यासारख्या इतरांचे भले व्हावे आणि आपली काळजी घेणाऱ्या चमूवरचा विश्वास, ही कारणे सहभागींच्या बोलण्यात येत होती.

जोडीदारांचा प्रश्न : विषाणू चाचणीत न दिसणाऱ्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, हे ‘पार्टनर’ अभ्यासांनी सिद्ध केले. बाधितांना त्यातून भयमुक्त सहजीवन मिळाले. विराम घेतल्यावर ही खात्री काही काळ उरत नाही. उपचारक लशीच्या एका चाचणीत विरामाच्या काळात जोडीदाराला संसर्ग झाल्याचे २०१९ मध्ये नोंदवले गेले. प्रत्येक तपासणीनंतर अहवालाची वाट पाहणे, कंडोमचा विषय पुन्हा काढणे आणि बाधा लपवलेली असल्यास ती कशी सांगावी हा पेच, हे ओझे सहभागीच्या घरावर पडते. जोखीम फक्त संमतिपत्रावर सही करणाऱ्याची नसते.

दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळच्या उमलाझी येथील ‘फ्रेश’ प्रकल्पाच्या २० तरुणींच्या चाचणीत प्रतिपिंडे आणि प्रतिकारशक्ती उद्दीपित करणारे औषध वापरून विराम घेतला गेला. बाधेचा भार सर्वाधिक वाहणाऱ्या आफ्रिकेतील स्त्रियांना अशा संशोधनात स्थान मिळणे हे न्यायाचे आहे. मात्र त्यांना सहजपणे नकार देता येईल, अशीच संमतीची रीत हवी.

अटी : विरामाच्या रीतींवर सहमती घडवण्यासाठी २०१८ मध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीच्या शिफारसी पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाल्या. वारंवार तपासणी, एआरटी पुन्हा सुरू करण्याची मर्यादा आधीच ठरवणे आणि जोडीदारांना प्रतिबंधक औषधांची (प्रेप) सोय हे त्यांतले महत्त्वाचे मुद्दे आहेत.

भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी मोफत मिळू लागली. संशोधनासाठी बाधित व्यक्तीची जाणीवपूर्वक संमती एचआयव्ही व एड्स कायदा, २०१७ ने बंधनकारक केली आहे. ज्यांच्याकडून असा विराम मागितला जाईल, त्यांना बहुधा व्यक्तिशः कोणताही लाभ नसतो. म्हणून चाचणी आखतानाच बाधितांच्या संघटनांचा विचार घेणे, निष्कर्ष सर्वात आधी सहभागींना कळवणे आणि चाचणी संपल्यावरही त्यांचे उपचार अखंड राहतील याची हमी देणे हे संशोधकांचे कर्तव्य ठरते.